जिल्ह्याचा एक गोल

माझ्या भूगोलाच्या तासाला दार न वाजवता वर्गात शिरायची हिंमत शाळेत एकाच माणसाची होती. तो माणूस म्हणजे आमचे खेळाचे सर. मी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगून काळी माती कुठे, तांबडी कुठे हे दाखवत असायची, की हे आत. "मॅडम, दोन मिनिटं," म्हणायचे आणि माझ्याच हातातली छडी घेऊन पोरींना विचारायचे, की सांगा, या नकाशात फुटबॉल कुठं कुठं पिकते?

मग ते स्वतःच सांगायचे. छडी कोल्हापूरवर. इथे तालमीतालमीचे संघ आहेत, मॅच असली की अख्खं गाव मैदानावर असतं. छडी मुंबई-पुण्यावर. इथे शाळेला हिरवळ आहे, पोरींना बूट आहेत. तिथून सरकत सरकत नागपूर. कामठीकडे तर चालायला लागलेलं लेकरूही बॉललाच लाथ मारतं. आणि मग छडी नकाशाच्या पार उजव्या कडेला, भंडाऱ्यावर यायची. "अन् हे आपन. इथं धान पिकते, खाणीतून मॅंगनीज निघते, अन् फुटबॉलमधी पुढे चाल मिळते." पोरी खिदळायच्या. मला हसू यायचं नाही, कारण दोन मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास गेलेला असायचा आणि अभ्यासक्रम सर थोडाच पुरा करून देणार होते!

पुढे चाल म्हणजे समोरचा संघ आलाच नाही, म्हणून न खेळता मिळालेला विजय. आमच्या जिल्ह्यात मुलींच्या फुटबॉलचा तोच खरा प्रकार होता. आमची शाळा चिखल्याच्या खाणीजवळच्या एका गावात. अर्ध्या पोरी खाणकामगारांच्या, अर्ध्या धानवाल्यांच्या. खेळात वरपर्यंत गेलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळा संघाचं नाव टाकायच्या. पण नाव टाकणं वेगळं आणि पोरींना उन्हात पळवणं वेगळं. स्पर्धेच्या दिवशी एखादी शाळा यायची, कधी तीही यायची नाही. मग आम्ही जिल्ह्याचे विजेते. विजेते म्हणून नागपूरला विभागीय स्पर्धेला जायचं आणि तिथे असं हरायचं की परतीच्या गाडीत कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. सरांच्या सगळ्या नोकरीत विभागाच्या मैदानावर आमच्या मुलींचा एक गोल झाला नव्हता. एकसुद्धा नाही.

"जिंकाचं मी म्हनतच नाही," ते मला सांगायचे. "एक गोल, मॅडम. एक गोल झाला का समोरचा म्हनते, हे खेळाले आले होते. नाहीतर तो समजते, हे नागपूर पाहाले आले."

त्यांना पोरींबद्दल तक्रार कधी नव्हती. उंची, खाणंपिणं, गरिबी असली कारणं कोणी काढली की ते चिडायचे. तिकडची पोट्टी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मॅच खेळूनच राहिली असते, म्हणायचे, आपली पोट्टी वर्षात एक मॅच खेळते अन् तीच हारते. फरक तेवढाच आहे, बाकी पाय सगळ्यांना दोनच.

मुलींचा संघ बाहेर जायचा तर सोबत एक बाई लागते, असा नियम. शाळेत आम्ही बाया दोघीच, त्यातल्या दुसरीचं लेकरू लहान. म्हणून दरवर्षी माझा नंबर लागायचा, आणि खरं सांगते, सरांसोबत कुठे जायचं म्हटलं की मी आधी बहाणे शोधायची. हरण्याचं दुःख मला नव्हतं, मला फुटबॉलमधलं काय कळत होतं! मला त्या माणसाची लाज वाटायची.

एक तर ती शिट्टी. सर झोपतानाही ती काढत नसावेत. लग्नाच्या पंगतीत वाढपी एखादं पान सोडून पुढे गेला की हे शिट्टी मारणार. राशनच्या दुकानात कोणी मधेच घुसला की शिट्टी. एकदा आम्ही दोघं शाळेच्या कामाने लाखनीला गेलो होतो. परतताना बसच्या दारात ही झुंबड. सरांनी लोकांना रांगेत लावायला शिट्टी मारली, ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच इशारा दिला, आणि बस अर्धी रिकामी निघून गेली. खाली राहिलेल्या लोकांनी आम्हाला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मी बाजूच्या टपरीवर जाऊन पेपर बघत उभी राहिले, जशी काही मी यांना ओळखतच नाही. आमचं घर मोहाडीचं, विणकराचं. लोक काय म्हणतील, हे मी मागाच्या खटखटीसोबत ऐकत मोठी झालेली. सरांना लोक काय म्हणतात ते ऐकूच येत नसे.

बॉल शाळेत ठेवायला त्यांचा जीव धजत नसे. तो त्यांच्या घरी, धान-तांदळाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत. कोरड्या धानात चामडं बिघडत नाही म्हणे. त्यांच्या बायकोने एकदा मला हळूच सांगितलं, की बाई, आमच्या घरी पाहुणा आला तर तांदूळ काढायच्या आधी बॉल काढावा लागतो. हवा बरोबर आहे की नाही हे ते बॉल गालाला लावून बघायचे, आणि तसे ते मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले की येणारेजाणारे सायकल थांबवून बघत बसायचे. भेटेल त्याला "जय भीम" घालायचे. आमचे संस्थेचे अध्यक्ष "राम राम" म्हणून उत्तर द्यायचे. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही आपला शब्द बदलला नाही आणि एकानेही त्याचा राग मानला नाही.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या वर्षी भंडाऱ्याला जिल्हा स्पर्धेत आमच्यासमोर कोणीच आलं नाही. पंचाने घड्याळ बघितलं, आमचं नाव लिहिलं आणि मोटारसायकलला किक मारली. सर म्हणाले, थांबा. पोरी सकाळपासून उपाशी आल्या आहेत, त्या खेळल्याशिवाय जाणार नाहीत. त्यांनी आमच्याच संघाचे दोन भाग केले आणि पूर्ण वेळाची मॅच लावली. पंच बिचारा वैतागून सावलीत बसला. आपल्यातल्या आपल्यात धावणाऱ्या पोरी, शिट्टी वाजवणारे सर आणि प्रेक्षक म्हणून मी एकटी. बाजूला व्हॉलीबॉल चाललं होतं, तिथली माणसं बोटं दाखवून हसत होती. मी पदर डोक्यावर घेतला, ऊन होतं म्हणून असं म्हणायचं, पण ऊन काही नव्हतं.

इकडे गावात बातमी आधीच पोचली होती की पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या. आमची गाडी गावात शिरली तर वेशीवर बँड उभा. हार, गुलाल, अध्यक्ष स्वतः. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. संघाची कॅप्टन प्रणाली, खाणीतल्या एका कामगाराची पोरगी, हळूच म्हणाली, "सर, आपन तं कोनाले हरवलंच नाही." सर गाडीतून उतरले आणि बँडवाल्यांना म्हणाले, घरी जा बाबा. मग अध्यक्षांना, सगळ्या गावासमोर, की दादासाहेब, न खेळता आलेल्या पोरीयले हार कायले? हे घेतले तर त्या उद्या खेळतीलच काहून?

त्यांचं खरं होतं, पण खरं बोलायची ती जागा होती का? अध्यक्षांचा हात हारासकट तसाच वर राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. शांतपणे म्हणाले, सर, एवढा ताठा आहे तर औंदा नागपुरात एक गोल करून दाखवा. नाही झाला, तर पुढल्या वर्षीपासून पोरीयचा फुटबॉल बंद. वाढीव गुणासाठी दुसरा एखादा सोपा खेळ पाहू. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, बंद करतील का वो?" मी म्हणाले, करतील. अध्यक्ष बोललेला शब्द फिरवणारे नव्हते.

पोरींना ते आठवड्याभरात कळलंच. शाळा सुटल्यावरचा तो मैदानावरचा तास त्यांच्या दिवसातला एकच तास होता, ज्यात त्यांना कोणी पाण्याचा गुंड भरायला, भाकरी टाकायला, लेकरू सांभाळायला हाक मारत नव्हतं. तो जाणार होता. प्रणाली मला म्हणाली, मॅडम, आमी करू एक गोल. असं म्हणाली जसं काही तो दुकानातून आणायचा आहे.

नागपूरला आमच्या नशिबात नेमका तगडा संघ आला. त्यांच्या पोरींच्या पायांना पॅड, गोलकीपरच्या हातात मोजे, आणि प्रत्येकीची वेगळी पाण्याची बाटली. आमच्या पोरी शाळेच्या पीटीच्या बुटात. मला खेळातलं कळत नाही म्हणते, पण त्या दिवशी जे चाललं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. बॉल आमच्याकडे यायचा तो फक्त गोलमधून काढून परत मधे ठेवायला. आमची गोलकीपर दर वेळी बॉल आणायला जाळीत वाकायची आणि उठताना बाहीने डोळे पुसायची. थोड्या वेळाने मी मोजणं सोडून दिलं. कुंपणाबाहेरून कोणीतरी विचारलं, कुठली टीम आहे हो ही? सर नेहमी अशा वेळी छाती काढून जिल्ह्याचं नाव सांगायचे. त्या दिवशी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांना लोकांचं बोलणं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

मध्यंतरात पोरींना संत्र्याच्या फोडी वाटून झाल्या तरी सरांचा पत्ता नव्हता. गोलकीपरच्या गुडघ्याला लागलं होतं, ते धुवायला पाणी आणावं म्हणून मी टाकीकडे गेले. टाकीच्या मागे सर समोरच्या संघाच्या कोच बाईंपुढे उभे होते. कोच बाई म्हणजे पोरगीच, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. सरांनी हात जोडलेले होते.

"एक गोल द्या, मॅडम," ते म्हणत होते. "तुमचं काही जात नाही. माह्या पोरीयचा खेळ बंद होऊन राहिला."

ती घाबरली होती. म्हणाली, "सर, असं नाही करता येत. आणि तुमच्या मुलींना कळलं तर त्यांना काय वाटेल?"

"नाही कळत त्याइले," सर म्हणाले. "तेवढा खेळ समजत नाही त्याइले."

मी पाण्याचा मग तसाच घेऊन उभी होते. सर वळले आणि मी त्यांना दिसले. आजवर मला त्या माणसाची लाज वाटली ती त्याच्या वेडेपणाची, पण तशी लाज आपण घरी येऊन हसण्यावारी नेतो. त्या टाकीमागे मला जी लाज वाटली ती अजून गेली नाही. ती त्यांची होती, का माझी, का आमच्या सगळ्या जिल्ह्याची, मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या पोरी थोड्या सावकाश खेळायला लागल्या. गोल होत होते, पण आधीसारखे नाही. वेळ संपत आली तेव्हा बॉल कसा कोण जाणे प्रणालीच्या पायाशी आला आणि तिच्यासमोर फक्त गोलकीपर उरली. ती गोलकीपर पुढे आली, मग पाय घसरल्यासारखं करून बाजूला झाली. मला तर स्वच्छ दिसलं. प्रणाली बॉलवर पाय ठेवून क्षणभर थांबली. मला वाटलं गोंधळली पोरगी. मग तिने मारला. बॉल सरपटत, रेंगाळत रेषेच्या आत गेला.

पोरींनी जो काही कालवा केला! एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मैदानात लोळल्या, प्रणालीला दोघींनी खांद्यावर उचललं आणि नाचत नाचत सरांपुढे आणून ठेवलं. समोरच्या संघाच्या पोरीही टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या टाळ्या मला सोसवेनात. सर मधे उभे होते, पोरी त्यांचे हात ओढत होत्या, आणि ते नुसते "शाबास, शाबास" म्हणत होते, एखाद्या मयतीला आलेल्या माणसाच्या आवाजात.

परतताना तुमसरला चहाला गाडी थांबली. पोरी आत समोसे खात, गोल कसा झाला ते पुन्हा पुन्हा एकमेकींना सांगत होत्या. सर माझ्याजवळ आले.

"मॅडम, तुमी टाकीकडे आल्या होत्या."

"हो."

"मंग आता मले सर म्हनू नका."

मी म्हणाले, चहा निवून राहिला, सर. ते मान हलवून गाडीत जाऊन बसले.

गावात पुन्हा बँड होता. अध्यक्ष दिलदार माणूस, जुनं सगळं विसरून त्यांनी सरांना मिठी मारली आणि हार घातला. सरांनी घालू दिला. भाषण करा म्हटलं तर म्हणाले, पोरीयनं केलं, मी काय केलं. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या जोरात पडल्या. माझी नजर वर होईना.

संघ टिकला. पुढल्या वर्षीही पोरी नागपूरला गेल्या आणि कोऱ्याच परत आल्या, पण आता कोणी काही म्हणत नव्हतं. गोल झालेला जिल्हा होतो ना आम्ही! ऑफिसच्या भिंतीवर त्या संघाचा फोटो लागला. सर मस्टरवर सही करायला यायचे ते फोटोकडे पाठ करून, तिरके उभे राहून सही करायचे. शिकवणं त्यांनी कमी केलं नाही, उलट वाढवलं. सकाळीही मैदान, संध्याकाळीही मैदान. पण माझ्या वर्गात ते पुन्हा कधी आले नाहीत. मी मुद्दाम नकाशा टांगून ठेवायची, दार उघडं ठेवायची. व्हरांड्यातून त्यांचे बूट वाजत पुढे निघून जायचे. अभ्यासक्रम वेळेत पुरा व्हायला लागला, आणि मला त्याचं जरासुद्धा सुख नव्हतं.

निवृत्तीनंतर ते शहापूरला भावाजवळ राहायला गेले. मी वर्षातून एखादी चक्कर मारते. बाकी सगळं बोलतात, धानाचं, नातवाचं, हायवेवरच्या गाड्यांचं. फुटबॉलचं नाव काढत नाहीत. जाताना मात्र फाटकापर्यंत येतात आणि इकडेतिकडे बघून विचारतात, "पोरीयले काही समजलं नाही ना वो, मॅडम?" मी नाही म्हणते. तेवढं ऐकून ते आत जातात.

यंदा दिवाळीनंतर लाखनीला एका दवाखान्यात माझ्या आईला दाखवायला गेले, तर नर्सच्या पांढऱ्या कपड्यात समोर प्रणाली. पाया पडली, आईचा बीपी घेतला, आम्हाला चहा पाजला. आईला डॉक्टरांकडे आत नेल्यावर ती माझ्याजवळ बाकावर बसली. सर कसे आहेत विचारलं. मग म्हणाली, मॅडम, तुमाले एक सांगू का? सरले सांगू नका पन.

"तो गोल आमचा नव्हता. गोलकीपर बाजूले झाली अन् हळूच म्हने, 'मार ना, जल्दी.' मले असं झालं का बॉल तिथंच सोडून घरी पळून जावं."

"मग मारलास कशाला?" मी विचारलं.

"सर पाहून राहिले होते ना," ती म्हणाली. "त्याइले वाटलं असतं, आमाले मारताच नाही आला. पोट्ट्या धावत आल्या तं मी सांगतलं, खोटा आहे पन नाचा, सरले समजू देऊ नका. समोरच्याइनं कीव केली हे समजलं असतं तं सर जगले नसते, मॅडम. मंग सगळ्या जनी नाचल्या. लोळल्या. गाडीतही वाटभर तेच बोलल्या, सरले ऐकू जावं म्हनून."

म्हणजे त्या दिवशी मैदानावर जिला खेळ समजत नव्हता अशी एकही पोरगी नव्हती. सरांनी त्यांना सगळं शिकवलं होतं. मला तिला सांगायचं होतं, की कीव त्यांनी आपणहून केली नव्हती पोरी, ती मागून आणलेली होती.

तिने माझा हात धरला. म्हणाली, रविवारी आम्ही सगळ्या जणी शहापूरला सरांकडे जायचं ठरवलं आहे. कोणी गोंदियाहून येत आहे, कोणी लेकरू घेऊन येत आहे. मोठा केक सांगितला आहे, बॉलसारखा. तुम्हीही या.

"काही नाही करत, नुसतं बसतो," ती म्हणाली. "अन् सरले म्हनतो, तो गोल कसा झाला ते पुरा सांगा आमाले, सुरुवातीपासून. त्याइचा तेवढाच तं गोल आहे."

आतून आईची हाक आली. प्रणाली खिशातून पेन काढून सरांच्या घराचा पत्ता विचारत होती, आणि मी तिला हायवेवरून कुठे वळायचं ते सांगत होते.